लँड रोव्हर आणि तपासणीचे दप्तर

जुना माल घेणाऱ्याने तो आपल्या जबाबदारीवर पारखून घ्यावा, मागाहून तक्रारीस जागा नाही, असा दंडक इंग्लंडातील व्यवहारात कित्येक शतके रूढ होता. आणि विकावयाचा तो घोडा असो की मोटार, धन्याला त्याचे जे गुणदोष ठाऊक असत ते गिऱ्हाइकाच्या कानी पडण्यास धन्याच्या जिभेवाचून दुसरा मार्ग सहसा नसे. या विषमतेवर तेथे पुढे जो उतारा निघाला, तो गिऱ्हाइकाच्या कळवळ्याने कोणी योजिला होता असे मात्र नाही. रस्त्यावरील अपघात कमी व्हावेत एवढ्याच हेतूने सरकारने जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी सुरू केली, आणि त्या तपासणीचे साचत गेलेले दप्तर हळूहळू जुनी मोटार घेणाराचा मोठा आधार होऊन बसले. शेतावर, चिखलात आणि डोंगरवाटांवर राबण्याकरिताच जन्मलेल्या लँड रोव्हर गाडीच्या निमित्ताने या दप्तराचा इतिहास पाहिला म्हणजे त्याचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा एकाच वेळी ध्यानात येतात.

दुसरे महायुद्ध संपल्यावर रोव्हर कंपनीचा मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स हा वेल्समधील अँगल्सी बेटावरच्या आपल्या शेतात लष्कराने मोडीत काढलेली एक अमेरिकन विलिस जीप वापरीत असे. तशाच धर्तीची, परंतु शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल अशी गाडी आपणच का तयार करू नये, या विचारातून 1947 साली नमुना सिद्ध झाला आणि 30 एप्रिल 1948 रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर जगापुढे आली. त्या काळी पोलादाची टंचाई असल्यामुळे गाडीचे अंग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे करण्यात आले. परंतु ज्यावर सारा भार तोलावयाचा तो सांगाडा, म्हणजे आपल्याकडील कारागीर ज्याला चासी म्हणतात तो भाग, पोलादाच्या सपाट पट्ट्या सांधून पोकळ पेटीच्या आकाराचा बनविला गेला. गाडीचे पुढचे सारे भवितव्य या एका निर्णयात साठविलेले होते. वरचे पत्रे वर्षानुवर्षे धडधाकट दिसावेत आणि खाली पोकळ सांगाड्यात शिरलेला ओला चिखल त्याला आतून गंजवीत राहावा, अशी ही रचना असल्याने गाडीच्या बाह्य रूपावरून तिच्या प्रकृतीचे अनुमान करणे फोल ठरू लागले.

तपासणीचा कायदेशीर पाया 1956 च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टाने घातला गेला. प्रत्यक्ष अंमल मात्र अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूकमंत्री असताना सुरू झाला. 12 सप्टेंबर 1960 पासून ऐच्छिक आणि 15 फेब्रुवारी 1961 पासून सक्तीची अशी ही तपासणी आरंभी दहा वर्षांवरील गाड्यांपुरती होती, आणि तीत ब्रेक, दिवे व सुकाणू एवढेच पाहिले जाई. मंत्रालयाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून लोक तिला ‘एमओटी’ म्हणू लागले, आणि ते खाते पुढे नाव बदलून गेले तरी तपासणीचे नाव तेच राहिले. योगायोग असा की 1948 ते 1950 या काळात बाहेर पडलेल्या पहिल्या लँड रोव्हर गाड्या नेमक्या याच सुमारास दहा वर्षांची मर्यादा ओलांडत होत्या. नापास होणाऱ्या गाड्यांचे प्रमाण इतके मोठे निघाले की दहा वर्षांची मर्यादा वर्षअखेरच्या आतच सात वर्षांवर, आणि 1967 साली तीन वर्षांवर आणावी लागली.

कक्षा वाढत गेली तशी तपासणी अधिक बोलकी होत गेली. 1968 साली टायर आले. 1977 साली काचपुसणी, भोंगा, धूरनळी यांच्याबरोबरच गाडीचे अंग आणि चासी यांचाही समावेश झाला. लँड रोव्हरच्या दृष्टीने ही शेवटची भर सर्वांत महत्त्वाची, कारण सुकाणू, ब्रेक, कमानी व सीटचे पट्टे जेथे चासीला जोडलेले असतात त्या ठिकाणापासून 30 सेंटिमीटरच्या आत भार पेलणारे पोलाद गंजून दुबळे झालेले आढळल्यास गाडी नापास करावी, असा दंडक त्यातून पुढे रूढ झाला. तथापि परीक्षकाने गाडीचा एकही भाग सोडवून पाहावयाचा नाही. त्याने बाहेरून पाहावे, ठोकून पाहावे, आणि काळ्या डांबरी लेपाखाली काय दडले आहे याचा तर्क करावा. शिवाय इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची प्रकृती या तपासणीच्या कक्षेत आजही येत नाही. ज्या चार चाकांच्या ताकदीसाठी मनुष्य अशी गाडी घेतो, ती ताकद पुरविणाऱ्या यंत्रभागाविषयी दाखला मौन पाळतो.

पहिली चाळीस-पंचेचाळीस वर्षे हा सारा कारभार कागदावर होता. धन्याजवळ चालू वर्षाचा दाखला असे. मागचे दाखले जपून ठेवण्याचे त्याला कारण नसे, आणि नापास झाल्याचा कागद तर तो स्वखुशीने कोणाला दाखवील हे संभवतच नसे. 2005 च्या सुमारास तपासणी-केंद्रे संगणकाने मध्यवर्ती दप्तराशी जोडली गेली, आणि पुढे इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील त्या सालापासूनच्या नोंदी कोणालाही, केवळ गाडीच्या नंबरावरून आणि विनामूल्य, पाहता येऊ लागल्या. तारीख, पास-नापासाचा निकाल, त्या दिवशीचा मैलांचा आकडा, नापासाची कारणे आणि पुढे बिघडू पाहणाऱ्या भागांविषयीचे सूचनावजा शेरे असे सर्व तेथे उघडे असते. धन्याच्या पेटीतला कागद अशा रीतीने सार्वजनिक दप्तर झाला. तपासणीच्या इतिहासातले खरे स्थित्यंतर हेच होय.

या दप्तराचा अर्थ लावणे ही मात्र स्वतंत्र विद्या आहे. गाडी तपासणीत उतरली याचा अर्थ त्या दिवशी त्या घटकेला ती किमान अटींना उतरली, एवढाच. पुढच्या महिन्याची ग्वाही त्यात नसते. म्हणून जाणता गिऱ्हाईक शेवटचा दाखला पाहून थांबत नाही, तर शेऱ्यांची मालिका वाचतो. चासीला गंज चढू लागल्याचा शेरा तीन वर्षे ओळीने पडावा आणि चौथ्या वर्षी तो एकाएकी नाहीसा व्हावा, तर मधल्या काळात एकतर पोलादाचा नवा तुकडा सांधला गेला असला पाहिजे, किंवा नुसता लेप फासला गेला असला पाहिजे. आणि यांपैकी काय झाले हे विचारण्याचा अधिकार दप्तराने गिऱ्हाइकाला दिलेला आहे. याउलट, एकदा गंजापायी नापास होऊन लगोलग दुरुस्तीनंतर पास झालेली गाडी पुष्कळदा निष्कलंक नोंदीच्या गाडीपेक्षा अधिक विश्वसनीय ठरते, कारण तिचा दोष उघड होऊन निस्तरलेला असतो. मैलांचा आकडा मागे फिरविण्याची जुनी लबाडीही वर्षावर्षाच्या नोंदींपुढे टिकत नाही.

शेतावरच्या गाडीच्या बाबतीत या दप्तरातील रिकाम्या जागाही वाचाव्या लागतात. सार्वजनिक रस्त्यावर न येणाऱ्या गाडीला तपासणीची सक्ती नाही, आणि 1998 पासून तसे जाहीर करून कर टाळण्याची रीतसर सोयही आहे. साहजिकच चार-पाच वर्षे जिची नोंदच नाही अशी लँड रोव्हर गोठ्यात झाकून उभी असेल, किंवा मेंढ्यांच्या मागे आणि लाकडाच्या ओझ्याखाली रोज राबतही असेल; मैल थोडे आणि झीज अपार, हा प्रकार अशाच गाड्यांत आढळतो.

दुसरी अडचण ओळखीची. दप्तर बोलते ते नंबराविषयी; आणि ही गाडी तर बव्हंशी बोल्टांनी जोडलेली असल्यामुळे तिचे इंजिन, अंग, इतकेच काय चासीसुद्धा बदलता येते. हजिरीच्या दिवशी उत्तम घोडा दाखवून एरवी निकृष्ट घोडा बाळगण्याची सरदारांची लबाडी मोडण्यासाठी अल्लाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची पद्धत सुरू केली आणि अकबराने ती पुन्हा अमलात आणली, ती याच कारणाने: नोंद कितीही चोख असली तरी ती समोरच्या जनावराचीच आहे, याची खूण जनावराच्या अंगावर असावी लागते. मोटारीच्या अंगावरील ती खूण म्हणजे चासीवर कोरलेला नंबर. तो धन्याच्या नोंदणीपत्राशी ताडून पाहिल्यावाचून बाकीचा इतिहास वाचण्यात अर्थ नाही. आणि ज्यांना या इतिहासाची सर्वाधिक गरज, त्या अतिवृद्ध गाड्यांना सरकारने सूटच दिली: 2012 साली 1960 पूर्वीच्या गाड्यांना, आणि मे 2018 पासून चाळीस वर्षे उलटलेल्या व मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना तपासणी ऐच्छिक झाली.

ज्या विलिस जीपवरून विल्क्सला लँड रोव्हर सुचली, तीच जीप स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली आणि महाराष्ट्राच्या घाटवाटांवर रुळली. परंतु तपासणीची ही परंपरा मात्र तिच्याबरोबर आली नाही. भाड्याने चालणाऱ्या वाहनांना आपल्याकडे ठराविक मुदतीने पासिंग करून घ्यावे लागते. खाजगी गाडीची नोंदणी मात्र 1988 च्या मोटार वाहन कायद्यान्वये एकदम पंधरा वर्षांची असते, आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांच्या मुदतवाढीच्या वेळीच तिला आरटीओसमोर उभे राहावे लागते. मधल्या काळातील पीयूसी फक्त धुराविषयी बोलते. खाजगी जीपचा वर्षावर्षाचा शेरा आपल्या कोणत्याही दप्तरात सापडत नाही. कारण तो कधी लिहिलाच जात नाही.

म्हणून डोंगरात नेण्यासाठी जुनी जीप घेऊ पाहणाऱ्या वाचकाने हे दप्तर स्वतःच उभे करावे: आरसी बुकातील चासी नंबर गाडीवरील नंबराशी ताडावा, गॅरेजची बिले व विम्याचे कागद सालवार लावावेत, मधली जी वर्षे रिकामी दिसतील त्यांचा जाब धन्याला विचारावा, आणि गाडी उंच चढवून एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून तिचा सांगाडा ठोकून पाहून घ्यावा. एवढे पाहू देण्यास जो विक्रेता राजी नसेल, त्याच्याशी सौदा करू नये.