शुश्रूषागृहांतील फ्लूची लस

कोंबडीच्या अंड्यात वाढवलेल्या विषाणूपासून बनणाऱ्या फ्लूच्या लशीला अमेरिकेत 1945 मध्ये नागरी वापराची परवानगी मिळाली. ती वृद्धांना द्यावी हे धोरण ठरले 1957च्या आशियाई फ्लूनंतर. 65 वर्षांवरील सर्वांनी ती दरवर्षी टोचून घ्यावी, अशी शिफारस तिथल्या सर्जन जनरलने 1960 मध्ये केली. पुढे मेडिकेअर आणि मेडिकेड या 1965च्या सरकारी योजनांच्या पैशावर वृद्धांची शुश्रूषागृहे भराभर वाढली. एका छपराखाली इतकी थकलेली माणसे आणि त्यांना खाऊपिऊ घालणारे तेच ते हात, फ्लूला आणखी काय हवे?

शिफारस अमलात येताना अडली ती कारकुनीत. प्रत्येक रहिवाशासाठी डॉक्टरची वेगळी लेखी आज्ञा लागे, आणि डॉक्टरची फेरी 60 दिवसांतून एकदा झाली तरी नियमात बसे. ही अट 2002 मध्ये गेली आणि कायमस्वरूपी आदेशावर परिचारिकाच लस टोचू लागल्या. 2005च्या नियमाने मेडिकेअर आणि मेडिकेडमधील शुश्रूषागृहांना रहिवाशांपुढे फ्लू आणि न्यूमोकोकल लस ठेवणे बंधनकारक केले. नकाराचा हक्क रहिवाशाकडेच राहिला.

खरी अडचण वयाची होती. म्हातारपणी शरीर लशीला पुरेसा प्रतिसाद देत नाही. मग लस परिचारकांनाच दिली तर? स्कॉटलंडमध्ये 1996-97च्या हिवाळ्यात वृद्धांच्या 20 रुग्णालयांत हे पाहिले गेले. जिथे कर्मचाऱ्यांना लस देऊ केली तिथे 13.6 टक्के रुग्ण दगावले, इतरत्र 22.4 टक्के. आकडे बोलके असले तरी जपूनच घ्यायला हवेत, कारण प्रयोगशाळेच्या तपासणीत फ्लूच्या लागणीत तेवढा फरक दिसला नाही. दुसरा मार्ग मात्रा वाढवण्याचा: वृद्धांसाठी नेहमीच्या चौपट मात्रेची लस अमेरिकेत 2009 मध्ये मंजूर झाली.

रहिवाशांबरोबर परिचारकांनाही लस देण्याचा विचार कोविडच्या वेळीही दिसला: ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीने शुश्रूषागृहांतील रहिवासी आणि परिचारक यांना लशीच्या रांगेत पहिले स्थान दिले. प्रत्यक्षात 8 डिसेंबर 2020 रोजी सुरुवात झाली रुग्णालयांतून. उणे 70 अंशांत ठेवायची फायझरची लस 975 मात्रांच्या खोक्यात येई, आणि ते फोडून छोट्या गृहांना वाटण्याची सोय तेव्हा नव्हती. नोव्हेंबर 2021 मध्ये इंग्लंडने या गृहांतील कर्मचाऱ्यांवर लशीची सक्ती केली. कर्मचाऱ्यांचा तुटवडा आधीच होता; काहींनी लस घेण्याऐवजी नोकरी सोडली. मार्च 2022 मध्ये सक्ती मागे घेण्यात आली.