अडालजची वाव : कथा आणि शिलालेख

अहमदाबादजवळ अडालज येथे पाच मजले खोल वाव आहे. आपण जिला बारव म्हणतो, तीच. तेथे बहुधा एकच कथा ऐकू येते. वाघेला वीरसिंह युद्धात पडला आणि सुलतान महमूद बेगडा विधवा रूडाबाईच्या रूपावर भाळला. तिने आधी वाव पुरी करण्याची अट घातली व काम पूर्ण होताच पाण्यात उडी घेतली.

वावेतील संस्कृत शिलालेख मात्र वेगळेच सांगतो. विक्रम संवत 1555, म्हणजे इ.स. 1499. महमूद पादशहाच्या राज्यात वीरसिंहाची पत्नी रूडा हिने 5,00,111 टंक खर्चून ही वाव बांधवली.

लढाई नाही, मागणी नाही, उडीही नाही. मौन हा निर्णायक पुरावा नव्हे, हे मान्य. पण वैऱ्याचे नाव कोणी असे रीतसर कोरून ठेवील काय? शिवाय कथेतली रूडा केवळ रूपवती आणि पतिव्रता. लेखातली रूडा द्रव्य खर्चून वाटसरूंना पाणी देणारी कर्ती स्त्री.

तीन दिशांचे जिने जेथे एकत्र येतात, त्या पहिल्या मजल्यावरील कोनाड्यात हा लेख आहे. पाण्याकडे उतरण्यापूर्वी तेथे थांबावे.