फियाटच्या आसनाची पाठचिकित्सा

जुन्या मोटारींचा इतिहास लिहिणारे बहुधा बॉनेट उघडून लिहितात. इंजिन किती सीसीचे, पुढची जाळी कोणत्या साली बदलली, एवढ्यावर त्यांचे समाधान होते. माणसे मात्र मोटारीच्या आत बसत होती. आणि हा आतला भाग घरच्या घरी पूर्ववत करू पाहणाऱ्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो साहित्याच्या अभ्यासकाला अनोळखी नाही. पूर्ववत म्हणजे नेमके कोणत्या पूर्वीसारखे?

उदाहरण मुंबईचेच घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होऊ लागली. इटलीत ही गाडी १९६२ साली आली आणि १९६६ साली तिची जागा पुढच्या आवृत्तीने घेतली. आपल्याकडे ती आधी 'डिलाइट', मग 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' अशी नावे बदलत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. लोकांनी शेवटपर्यंत तिला फियाटच म्हटले. बाहेरचा घाट जवळजवळ तोच राहिल्यामुळे काळाच्या खुणा शोधायच्या त्या आतच.

अशा गाडीचे पुढचे आसन बाहेर काढावे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला असल्याने ते सलग बाकासारखे आहे. दाटीवाटीने तिघे बसत. सर्वांत वर असते ते अलीकडचे, बाजारातून आणलेले कव्हर. त्याखाली पुष्कळदा टर्किश टॉवेलच्या कापडाचे, घामासाठी शिवून घेतलेले. त्याच्याही खाली कधीकधी चक्क पारदर्शक प्लास्टिक, आणि मग रेग्झीन. रेग्झीनच्या पोटात कापूस किंवा काथ्या, त्याखाली गोणपाट, आणि शेवटी पोलादी चौकटीला अडकवलेल्या स्प्रिंगा. हे थर म्हणजे परवाना-राज्याची बखरच. गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबलेले कुटुंब ती मिळाल्यावर आसनांवर थेट बसेल कसे? ते आधी आसने झाकते. परिणाम असा की कारखान्याने दिलेले 'मूळ' आसन घरातल्या कोणी फारसे पाहिलेलेच नसते. मुले मागे झोपली, आजींना घाटात मळमळले, ते सारे टॉवेलच्या कव्हरावर.

त्या मुळाची गंमतही पाहण्यासारखी आहे. 'रेग्झीन' हे मँचेस्टरजवळच्या हाइड गावातील एका ब्रिटिश उत्पादनाचे व्यापारी नाव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन, वर कातड्याचे रवे उठवून ते बनवीत. पुढे लेप व्हिनाइलचा झाला, उत्पादक बदलले, पण आपल्या भाषेत हे नाव कातड्याच्या कोणत्याही नकलेला चिकटून राहिले. शाळेच्या दप्तरालाही तेच, मोटारीलाही तेच. आपण ज्याला अस्सल म्हणून धरून बसतो, तेच असे नकलेपासून सुरू होते.

पुण्यातील भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. व्यासांच्या हातची संहिता परत मिळवण्याचा दावा डॉ. वि. सी. सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके ते गेले, आणि वगळलेले श्लोक फेकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत ठेवले. मोटारीच्या आसनाला हाच न्याय लावावा, असे आम्हांस वाटते. ('पाठ' या शब्दाला दोन अर्थ आहेत, ही मराठीची कृपा.)

घरी काम करणाऱ्याला हे शक्य आहे, कारण त्याला घाई नसते. व्यावसायिक कारागीर जुने कव्हर टरकावून काढतो. घरचा माणूस ते टाका-टाका उसवतो. हा फरक मोठा आहे. उसवलेला प्रत्येक तुकडा साचा म्हणून उपयोगी पडतो: शिवणीसाठी किती सोडले, कडेच्या पायपिंगचा जोड कोठे लपवला, हे त्यावरूनच कळते. उसवण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर खडूने क्रमांक घालावा आणि छायाचित्र घ्यावे. काथ्या कोकणच्या दमट हवेत पिचतो. त्याचा भुगा झाला असेल तर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. स्प्रिंगा मात्र गंज घासून, रंग देऊन बहुतेक वेळा वाचतात. दारांच्या आतले पुठ्ठे पावसाच्या पाण्याने खालून फुगतात. जुन्या पुठ्ठ्यावर ठेवून नवा कापावा, भोके त्याच जागी पाडावीत. छताचे अस्तर सर्वांत अवघड. ते आडव्या तारांवर ताणलेले असते आणि एका टोकाला ओढले की दुसऱ्या टोकाला सुरकुती येते. ऑक्टोबरच्या उन्हात कापड सैल पडते, तेव्हा ते बसवणे त्यातल्या त्यात सुकर. घरच्या शिलाई मशीनकडून रेग्झीनचे चार पदर शिवून घेण्याचा हट्ट धरू नये. तेवढी शिवण जाड कामाच्या मशीनवर करून घ्यावी.

हा केवळ हौसेचा प्रश्न राहिलेला नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे अशी अट आहे, आणि मोठा फेरबदल कशाला म्हणावे हे सांगताना सांगाडा, कवच व इंजिन यांचा उल्लेख येतो. आसनाचा निर्णय आपल्यावर सोपवलेला आहे. १९७४ च्या पद्मिनींनी २०२४ साली पन्नाशी गाठली, त्यामुळे हा निर्णय आता अनेक घरांत घ्यावा लागणार.

टॅक्सीच्या बाबतीत तो आणखी कठीण. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून हे वाहन टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिले नाही. तिच्या छताला चालकांनी आपल्या आवडीने फुलाफुलांचे, वेलबुट्टीचे व्हिनाइल लावलेले असे. मागच्या आसनावर बसून ज्या शहराने ते पाहिले, त्याच्या लेखी मूळ छत तेच. अशी एखादी गाडी विकत घेऊन तिला कारखान्याचे फिकट अस्तर चढवणारे संग्राहक आमच्या मते शुद्धलेखनाच्या नावाखाली तुकारामाची भाषा सुधारणाऱ्यांच्या पंक्तीत बसतात. त्यांनी निदान फाडलेल्या छताचा हातभर तुकडा तारीख घालून मागच्या आसनाखाली ठेवावा. तेथे जागा भरपूर असते.