बुलेटचा कोंडलेला दम

आमच्या गंगापूरच्या घरी अण्णांची बुलेट जिथे उभी असायची, तिथली शहाबादी फरशी आजही काळी आहे. आईने सोडा घासला, रॉकेल घासलं, शेवटी नाद सोडला आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून गाडीखाली ट्रे ठेवला. अण्णांना त्या ट्रेचा राग यायचा. "गाडीला लंगोट बांधल्यासारखं दिसतं," म्हणायचे.

गाडी 1970च्या दशकातली. बिडाचा सिलिंडर, उजव्या पायाला गिअर. माझ्या ताब्यात आली तोवर तिचं इंजिन तीनदा उघडून झालं होतं. दर वेळी तेच: हेड आणि टॅपेटचं पॅकिंग बदला, सोल्यूशन थापा, बोल्ट कचकचून आवळा. पंधरा दिवस कोरडी, की पुन्हा पोटाखाली थेंब. चौथ्यांदा उघडायची वेळ आली तेव्हा पॅकिंगपेक्षा चेंबरचीच काळजी वाटू लागली होती. ॲल्युमिनियमच्या कडांवर स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटल्याच्या खुणा, दोन बोल्टांचे आटे गेलेले. आणखी एक-दोन वेळा असं झालं असतं तर गाडी भंगारातच गेली असती. अण्णांचं मत 'विकून टाक' इथवर आलंच होतं.

आता थोडं मागे जाऊ, कारण ही गळती आमच्या घरी सुरू झालेली नाही. बुलेट मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची. मद्रास मोटर्सने 1955 साली तिथल्या कंपनीशी भागीदारी करून एनफिल्ड इंडिया काढली. सुरुवातीला तिकडून आलेले भाग इथे जोडले जायचे, पुढे सगळी गाडीच मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला बनू लागली. 1970 साली इंग्लंडमधलं उत्पादन संपलं. मद्रासची बुलेट मात्र जवळपास त्याच आराखड्यावर चालत राहिली. बिडाचं इंजिन बंद व्हायला 2010 उजाडावं लागलं. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी पिढ्यांनी महायुद्धानंतरचं इंग्लिश इंजिन तिकडच्यांपेक्षा चाळीस वर्षं जास्त वापरलं, आणि त्याची दुखणीही.

त्या काळच्या बऱ्याच इंग्लिश इंजिनांचं चेंबर उभं चिरलेलं असे. कलिंगड मधोमध कापून दोन फोडी पुन्हा जुळवाव्यात तसं. बुलेटमध्ये तेलाची टाकी वेगळी लटकवलेली नसते, ती याच चेंबरच्या ओतकामात मागच्या बाजूला असते. बाहेरच्या नळ्या वाचतात, ही सोय चांगलीच. पण तो उभा सांधा सदैव तेलात बुडालेला राहतो. होंडाने 1969 साली सीबी 750 आणली, तिचं चेंबर आडवं चिरलेलं होतं. कडांचं मशीनिंगही अधिक नेमकं. गाडीखाली डाग न पडणं ही गोष्ट गिऱ्हाईक गृहीत धरू लागलं ते अशा जपानी गाड्यांमुळे.

ही नवी सवय आमच्या तालुक्यात फारच जवळून आली. वाळूज गंगापूर तालुक्यातच येतं. बजाजच्या तिथल्या कारखान्याचं उद्घाटन 5 नोव्हेंबर 1985 रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झालं. पुढच्याच वर्षी कावासाकी बजाज केबी 100 बाजारात आली. 1991 साली चार स्ट्रोकची 4एस चॅम्पियन. गावातली पोरं वाळूजला शिफ्टला जाऊ लागली, घरोघरी नवी, पोटाखालून कोरडी मोटरसायकल आली. त्यांच्या रांगेत अण्णांची बुलेट थेंब गाळत उभी! अण्णांना तो ट्रे का डाचत असेल, हे मला फार उशिरा कळलं.

चौथ्या वेळी मी गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पाना उचललाच नाही. आधी पेट्रोल आणि ब्रशने इंजिन धुऊन लख्ख कोरडं केलं आणि त्यावर चक्क तोंडाला लावायची पावडर भुरभुरली. मग गाडी पंधरा मिनिटं चालवायला लावली. तेल खाली ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे थेंब पडतो ती जागा आणि गळती सुरू होते ती जागा सहसा एक नसते. पावडर सर्वांत वर जिथे ओली होते, तिथे खरा उगम. पावडर तीन ठिकाणी ओली झाली होती. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणी.

चाचा म्हणाले, "अरे, तिन्ही पॅकिंगं एकदम कशी जातील? हिचा दम कोंडलाय."

हिशोब साधा आहे. बुलेटच्या पिस्टनचा व्यास 70 मिमी, धाव 90 मिमी. पिस्टन खाली येतो तेव्हा चेंबरमधली 346 घनसेंटिमीटर हवा ढकलतो. तीन हजार आरपीएमला हे सेकंदाला पन्नास वेळा घडतं. ती हवा बाहेर जाण्यासाठी ब्रीदरची नळी असते आणि तिला बदकाच्या चोचीसारखा एक रबरी तुकडा. चोच उघडून हवा सोडते, पिस्टन वर जाताना मिटते. त्यामुळे आत किंचित ओढ राहते आणि तेल सांध्यांतून बाहेर पडण्याऐवजी आतच राहतं. आमच्या गाडीतली ती चोच उन्हातान्हात कडक होऊन, तेलाच्या गाळाने चिकटून गेली होती. कोंडलेली हवा मग मिळेल त्या फटीतून तेलासकट बाहेर पडणार. आम्ही मात्र इतकी वर्षं फटी बुजवत होतो.

चेन केसचं दुखणं निराळं निघालं. तिचं झाकण मधल्या एकाच नटावर बसतं. आधीच्या हातांनी तो इतका आवळला होता की झाकण वाकलं होतं. चाचांनी जाड काच आणली, तीवर पॉलिश पेपर अंथरला आणि झाकण इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत घासत बसले. दुपारभर. मधे चहा झाला, दोनदा लाइट गेली.

नवी चोच चहा-नाश्त्याच्या पैशांत आली. गाडी चालू झाल्यावर चाचांनी माझं बोट नळीपाशी धरलं. गरम हवेचे बारीक फुंकर लागत होते.

पावसाळ्यात चार महिने गाडी उभी राहिली आणि पहिल्याच किकनंतर नळीतून पचकन तेल उडालं. मी घाबरून चाचांना फोन केला. ते हसले. गाडी फार दिवस उभी राहिली की तेल पंपातून झिरपत खालच्या चेंबरमध्ये साचतं, चालू केल्यावर जास्तीचं फेकलं जातं. "आठवड्यातून एकदा तरी फिरवत जा."

तेव्हापासून रविवारी सकाळी लासूर स्टेशनपर्यंत चक्कर असते. परत आलो की अण्णा काठी टेकत येतात आणि वाकून पोटाखाली बघतात. गिअरच्या शाफ्टपाशी अजून एक थेंब जमतो, तो मी आधीच फडक्याने पुसलेला असतो. ट्रे आईने कुंडीखाली नेला आहे.