‘दासी’ शब्दाचा अर्थ आणि दायविभाग

जॉर्ज वॉशिंग्टनने जुलै १७९९ मध्ये आपले मृत्युपत्र लिहिले, त्या वर्षी माउंट व्हर्नन येथील त्याच्या जमिनीवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे. पत्नीच्या पश्चात त्यांना मुक्त करावे, असे त्याने लिहून ठेवले. परंतु १५३ गुलाम पत्नीच्या पहिल्या पतीच्या, म्हणजे कस्टिस घराण्याच्या, मालमत्तेतून आलेले होते. विधवेला त्यांचा हयातीपुरता उपभोग होता. पुढे ते त्या घराण्याच्या वारसांकडे जावयाचे होते. त्यांना मुक्त करण्याचा अधिकार वॉशिंग्टनला नव्हता. दोन्ही गटांत परस्पर विवाह झालेले असल्यामुळे १ जानेवारी १८०१ रोजी पहिला गट मुक्त झाला, तेव्हा एकाच कुटुंबातील पती स्वतंत्र व पत्नी गुलाम अशी अवस्था काही ठिकाणी झाली. त्या वसाहतीत १७०५ च्या कायद्याने गुलामांना वारशाच्या दृष्टीने स्थावर मालमत्ता ठरविले होते, आणि १६६२ पासून संततीची स्थिती मातेच्या स्थितीवरून ठरत असे.

महाराष्ट्रात व वऱ्हाडात याच प्रश्नाचा शोध मृत्युपत्रांत घेणे व्यर्थ होय. एकत्र कुटुंबाच्या व्यवस्थेत मृत्युपत्राला फारसा वाव नव्हता; संपत्ती जन्माने मिळे आणि वाटणीने विभागली जाई. म्हणून दास्य आणि वारसा यांची गाठ येथे दायविभागाच्या प्रकरणात पडते, आणि तीही दोन ठिकाणी : एकदा दासी हा दायाचा विषय म्हणून, व एकदा तिचा पुत्र दायाचा अधिकारी म्हणून.

पहिल्या अंगाची परिभाषा पुरेशी स्पष्ट आहे. मनूने सांगितलेल्या दासांच्या सात प्रकारांत ‘पैत्रिक’ हा एक आहे; नारदाच्या पंधरा प्रकारांत ‘गृहजात’, ‘क्रीत’, ‘लब्ध’ यांच्यानंतर ‘दायादुपागत’ येतो. माणूस वारशाने येतो ही कल्पना शास्त्रकारांना नवी नव्हती. अडचण होती ती वाटणीची. भूमी मोजता येते, धान्य मापता येते. भाऊ तीन आणि दासी एक असेल तर काय करावे? मिताक्षरेचा निर्णय असा की, दासींची संख्या वाट्यांशी जुळत नसेल तर त्यांची किंमत करून वाटणी करू नये. त्यांच्याकडून आळीपाळीने काम करून घ्यावे. मात्र पित्याने जी स्त्री स्वतःसाठी ठेवली असेल तिची वाटणी संख्या जुळली तरी पुत्रांनी करू नये. या एका अपवादात वस्तू आणि व्यक्ती यांच्यामधील सीमा ग्रंथकाराला जाणवली होती असे दिसते, जरी ती जाणीव पित्याच्या प्रतिष्ठेपुरतीच असली तरी. नारदाने मात्र एका ठिकाणी बरीच मोठी उडी घेतली आहे : स्वामीला प्राणसंकटातून सोडविणारा दास दास्यातून मुक्त होतो, आणि त्याला पुत्राचा वाटाही मिळतो.

मराठेशाहीतील कागदपत्रांत ‘दासी’ऐवजी ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ हे शब्द येतात. वाशिमसारख्या कुणबीबहुल प्रदेशातील अभ्यासकाने येथे सावध राहिले पाहिजे. दप्तरातील ‘कुणबीण’ ही कुणबी जातीची स्त्री असेलच असे नाही. शब्द दास्याचा वाचक झालेला आहे, जातीचा नव्हे. अशा स्त्रीच्या संततीला ‘लेकावळा’ म्हणत. वऱ्हाडात व मध्य प्रांतात ब्राह्मण पिता आणि अन्य जातीची माता यांच्या संततीची ‘विदूर’ ही स्वतंत्र जात झाली. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली तिची नोंद केली आहे. महाभारतातील दासीपुत्राचे नाव अशा समाजाला लाभावे यात नवल नाही. विदुर नीतिज्ञ होता. राज्याचा वारस नव्हता.

दुसरे अंग अधिक गुंतागुंतीचे आहे. याज्ञवल्क्याच्या मते शूद्राला दासीपासून झालेल्या पुत्राला पित्याच्या इच्छेने वाटा मिळतो. पित्याच्या मृत्यूनंतर औरस भावांनी त्याला अर्धा वाटा द्यावा. औरस पुत्र, कन्या व दौहित्र नसतील तर सर्व धन त्याचेच. द्विजाच्या दासीपुत्राला मात्र केवळ पोटगी. एकाच जन्माचे फळ पित्याच्या वर्णाप्रमाणे निरनिराळे होई, ही विषमता विसरता येत नाही.

१८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या मुलखातील न्यायालयांनी दास्याचा हक्क मान्य करणे बंद केले. त्याच कायद्यात असेही होते की, कोणी पूर्वी दास होता किंवा दासाकडून त्याला मालमत्ता मिळाली एवढ्या कारणावरून त्याचा वारसा हिरावून घेता येणार नाही. वाशिम तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, तरी त्यावरील निजामाचे स्वामित्व नाममात्र का होईना राहिले, आणि इंग्रजी कायदे तेथे आपोआप न लागता गव्हर्नर जनरलच्या हुकुमाने लावले जात.

दास्य गेले, पण ग्रंथातील ‘दासी’ शब्द राहिला, आणि तो आता कोणाला लावावयाचा? १८७५ साली दोन उच्च न्यायालयांनी परस्परविरुद्ध उत्तरे दिली. कलकत्त्याने नारायण धारा विरुद्ध राखाल गाईन या खटल्यात शब्दाचा मूळ अर्थ धरला : दासी म्हणजे खरोखरीची दासी, केवळ ठेवलेल्या स्त्रीचा पुत्र वारस नव्हे. या अर्थाने कायद्याने दास्य संपताच दासीपुत्राचा वाटाही व्यवहारात संपतो. मुंबईने राही विरुद्ध गोविंदा या खटल्यात ‘दासी’ म्हणजे शूद्राने सातत्याने ठेवलेली अविवाहित स्त्री असा अर्थ घेतला; संबंध व्यभिचाराचा किंवा निषिद्ध नात्यातील नसावा, एवढी अट घातली. कोशाच्या कसोटीवर कलकत्त्याचा अर्थ शुद्ध ठरेल. परंतु मातेच्या मुक्ततेचा दंड पुत्राने भरावा असा त्याचा परिणाम होतो, आणि मुंबईचा अर्थ तो टाळतो. अर्थविस्तार हा भाषेत सामान्यतः दुर्लक्षाने घडतो. येथे तो एका निकालाने घडविला, व त्यावर कित्येकांच्या शेताचा तुकडा अवलंबून राहिला.

१७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आला. वाशिम त्या दिवशी मध्य प्रदेशात होते. मुंबई राज्यात ते पुढील नोव्हेंबरमध्ये आले. नव्या कायद्याने विवाहबाह्य संततीचे नाते मातेशी व परस्परांशी मानले, पित्याशी नव्हे. शूद्र आणि द्विज हा भेद त्यातून गेला, आणि त्याबरोबर याज्ञवल्क्याने दिलेला अर्धा वाटाही गेला. ज्याचा पिता त्या दिवसापूर्वी वारला होता, त्याच्या दाव्यात मात्र ‘दासी’ शब्दाचा तोच जुना अर्थ पुढेही तपासला जावयाचा होता.