पंढरपूर : यात्रेचे नगर आणि विद्यार्थिवसती

महाराष्ट्र राज्याच्या सोलापूर जिल्ह्यातील एक प्राचीन तीर्थक्षेत्र व याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सु. ९९,००० (२०११). हे सोलापूरच्या पश्चिमेस सु. ७२ किमी. वर, भीमा नदीच्या उजव्या तीरावर वसले आहे. नदी येथे चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तिला या ठिकाणी चंद्रभागा म्हणतात. विठ्ठलाचे क्षेत्र म्हणून पंढरपूरचे वर्णन सर्वत्र आढळते. आलेल्या माणसास थारा देणे हा या नगराच्या वसतीचा मुख्य व्यवहार असून तो थारा कोणास मिळाला आणि कोणास नाकारला गेला, या दृष्टीने नगराचा इतिहास पाहिला जात नाही. येथील विद्यार्थिवसतीची मुळे मात्र याच व्यवहारात आहेत.

इ. स. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात ‘पांडरंगपल्ली’ या गावाचे नाव येते. ते पंढरपूरच होय, असे काही संशोधकांचे मत आहे. ११८९ च्या शिलालेखापासून पुरावा अधिक निश्चित होतो. १२३७ च्या होयसळ राजा सोमेश्वराच्या लेखात भीमरथीच्या काठच्या पांडरंगे या गावाचा उल्लेख आहे. मंदिरातील ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ (१२७३–७७) म्हणजे वस्तुतः देणगीदारांची यादी असून तीत यादव राजा रामचंद्र व त्याचा मंत्री हेमाद्री यांचीही नावे आहेत. या शिळेस पाठ लावल्यास चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, असा भाविकांचा समज रूढ झाला. राजदरबारच्या हिशेबाचा दगड लोकांनी असा आपलासा केला, हे पंढरपूरच्या प्रकृतीस धरूनच झाले.

नामदेव (१२७०–१३५०) व चोखामेळा हे याच काळातील. महाद्वाराच्या पायरीशी नामदेवांची आणि तिच्यासमोर चोखामेळ्याची समाधी आहे. मंगळवेढे येथे गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून चोखामेळ्याचा अंत झाला (१३३८) व नामदेवांनी त्याच्या अस्थी येथे आणल्या, अशी परंपरा आहे. जिवंतपणी ज्यास दाराच्या आत जाता आले नाही, त्याची समाधी दाराशीच राहिली. पुढील सहाशे वर्षे त्याच्या जातिबांधवांची यात्रा येथपर्यंतच होत असे.

सतराव्या शतकात अफझलखानाच्या स्वारीची (१६५९) झळ क्षेत्रास लागली. पुढे औरंगजेबाची छावणी जवळच भीमेकाठी ब्रह्मपुरी येथे १६९५ पासून सु. चार वर्षे होती. अशा प्रसंगी बडव्यांनी मूर्ती अन्यत्र हलविल्याच्या कथा आहेत. पेशवाईत क्षेत्रास ऊर्जितावस्था आली. होळकर, शिंदे इ. सरदारांनी वाडे, मंदिरे व घाट बांधले. नदीकडून दिसणारे नगराचे आजचे रूप बव्हंशी या काळातील आहे. दुसऱ्या बाजीरावाबरोबर यात्रेस आलेले बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये येथेच खून झाला. त्र्यंबकजी डेंगळे याच्यावर त्याचा आरोप येऊन पुढील घटनांनी मराठी राज्याचा शेवट जवळ आणला.

चैत्री, आषाढी, कार्तिकी व माघी या चार वाऱ्यांवर नगराचे अर्थकारण उभे आहे. बडवे, उत्पात व इतर सेवाधारी यांच्या वाड्यांत यात्रेकरूंना उतरविण्याची वहिवाट जुनी आहे. याखेरीज जातवार व गाववार धर्मशाळा आणि संप्रदायाचे मठ वाढत गेले. चातुर्मासात अनेक वारकरी येथेच मुक्काम करतात. वासकर, देहूकर इ. फडांच्या आश्रयाने या चार महिन्यांत भजन, कीर्तन, पखवाज व ज्ञानेश्वरीचा पाठ यांचे शिक्षण चाले. पंढरपूरचा पहिला विद्यार्थी तो हाच. त्याची ना हजेरी असे, ना परीक्षा. गुरूच्या मागे टाळ धरून उभे राहणे हाच त्याचा अभ्यासक्रम होता. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी फाटा कुर्डुवाडीहून येथे आला आणि यात्रेकरूंची संख्या वाढली.

या वर्दळीची एक दुःखद बाजूही होती. पुनर्विवाहाची बंदी असलेल्या उच्चवर्णीय समाजातील गरोदर विधवा तीर्थयात्रेच्या निमित्ताने येथे येत, गुप्तपणे बाळंत होत व अर्भक टाकून परतत. येथे न्यायाधीश असलेले प्रार्थना समाजाचे लालशंकर उमियाशंकर यांच्या प्रयत्नाने १८७५ मध्ये अशा अर्भकांसाठी बालकाश्रम निघाला. १८७६–७८ च्या दुष्काळातील अनाथ मुलांचीही त्यात भर पडली. मुलांचा सांभाळ व त्यांचे शिक्षण ही कामे प्रार्थना समाजाने चालविली. पुढे संस्थेस वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव देण्यात आले. महात्मा फुले यांच्या पुण्यातील बालहत्या प्रतिबंधक गृहानंतर (१८६३) महाराष्ट्रातील या प्रकारच्या कार्यात या संस्थेस महत्त्वाचे स्थान आहे. पंढरपूरवरील भक्तिपर लेखनात मात्र तिला क्वचितच जागा मिळते.

गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांचे कार्य याच सूत्रात बसते. पंढरीस येऊन ते मंदिरात जाण्याऐवजी वाळवंट झाडीत व रात्री कीर्तन करीत. अस्पृश्य यात्रेकरूंना इतरांच्या धर्मशाळांत जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी गाडगे महाराजांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस येथे चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ मध्ये त्यांनी ही वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या (स्थापना १९४५) स्वाधीन केली आणि तेथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालू झाले. वारीपुरता चार दिवसांचा निवारा शिक्षणासाठी वर्षभराचा झाला. आंबेडकरांचा भर तीर्थयात्रेवर नव्हे, शिक्षणावर होता. गाडगे महाराज स्वतः निरक्षर असून आपल्या कीर्तनांत मुलांना शाळेत घालण्याचा आग्रह धरीत. दोघांच्या विचारांचा मेळ या एका वास्तूत जसा दिसतो तसा तो अन्यत्र क्वचितच दिसेल.

त्याच्या दोन वर्षे आधी मंदिरप्रवेशाचा प्रश्न सुटला होता. साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून प्रथम महाराष्ट्रभर दौरा केला व १ मे १९४७ पासून येथील तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. नगरातील कर्मठांचा विरोध तीव्र होता. अशा वेळी एका मठाने आपली जागा दिली, ही गोष्ट वारकरी परंपरेच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. १० मे रोजी उपोषणाची यशस्वी सांगता झाली. बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ चा. त्यावरील न्यायालयीन वाद जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मिटला. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेसाठी स्त्रियांची व ब्राह्मणेतरांचीही नेमणूक केली.

स्वातंत्र्योत्तर काळात रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय व इतर महाविद्यालये निघाली. सोलापूर येथील विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले. पंढरपूर, सांगोले, मंगळवेढे या कमी पावसाच्या तालुक्यांतील मुले शिक्षणासाठी येथे राहतात. त्यामुळे वारी नसतानाही नगरातील भाड्याच्या खोल्यांना मागणी असते. नदीचे पात्र आता उजनी धरणातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असून यात्रेच्या वेळी त्यासाठी खास पाणी सोडावे लागते.

नगराच्या दक्षिणेस गोपाळपूर हे लहान गाव असून तेथे टेकाडावर गोपाळकृष्णाचे मंदिर आहे. १९९८ मध्ये या गावच्या परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरी काला होतो आणि तो घेऊन पालख्या परतीच्या वाटेला लागतात.