झिओलाइट, वर्णपट आणि गणना : एका संशोधनपरंपरेचा मागोवा

दादरहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग बोरघाटातून वर चढतो. १८६३ मध्ये हा घाटमार्ग खुला झाला. त्यासाठी फोडलेल्या बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट इत्यादी खनिजांचे सुंदर स्फटिक आढळले, आणि पुण्याच्या नावाने नोंदलेले असे नमुने पुढे जगातील अनेक संग्रहालयांत पोचले. स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट याने १७५६ मध्ये अशा खनिजांना ‘झिओलाइट’, म्हणजे ‘उकळणारा दगड’, असे नाव दिले होते. कारण तापविले असता त्यांच्या अंतर्भागातील पाणी बाहेर पडून ती फसफसत. या लोहमार्गाच्या दोन टोकांशी रसायनशास्त्राची दोन केंद्रे उभी राहिली. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये स्थापन होऊन १९४३ मध्ये दादरला लागून असलेल्या माटुंग्यात आला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा जानेवारी १९५० मध्ये सुरू झाली. या परिसरात झिओलाइटांचे ज्ञान कसे वाढले, आणि त्यात निरीक्षण व गणना यांचा वाटा कोणता, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रारंभीच एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. चॅबाझाइट हे खनिज पाणी व अल्कोहोल यांचे रेणू आत घेते, परंतु बेंझिनसारखे मोठे रेणू बाहेरच ठेवते, असे १९२५ मध्ये दिसून आले होते. या गुणाला अनुलक्षून ‘रेणूंची चाळणी’ ही संज्ञा १९३२ मध्ये जे. डब्ल्यू. मॅकबेन यांनी रूढ केली. हेच मॅकबेन पुण्याच्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक होत. त्यांच्यानंतर आलेले जी. आय. फिंच हे इलेक्ट्रॉन विवर्तनाने पृष्ठभागांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ होते. १९५७ मध्ये के. वेंकटरामन आणि १९६६ मध्ये बी. डी. टिळक असे दोन संचालक माटुंग्याच्या विभागातून पुण्यास गेले. उभयतांचा विषय रंगद्रव्यांचे रसायन हा होता. म्हणजे चाळणीची कल्पना, पृष्ठविज्ञानाची दृष्टी आणि सेंद्रिय रसायनाची शिस्त ही तिन्ही एकाच संस्थेत क्रमाने नांदली. तथापि औद्योगिक झिओलाइट उत्प्रेरक येथून बाहेर पडण्यास १९८५ साल उजाडावे लागले.

दरम्यान जगात बरेच घडले होते. १९४९ नंतर मिल्टन व ब्रेक यांनी अमेरिकेत कृत्रिम झिओलाइट तयार केले. १९६२ पासून त्यांचा उपयोग खनिज तेलाच्या भंजनासाठी होऊ लागला. १९७२ मध्ये झेडएसएम-५ या झिओलाइटाचे एकस्व नोंदले गेले. झिओलाइटाच्या सांगाड्यात सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आले की तेथे ऋण भार निर्माण होतो, आणि त्याचे संतुलन प्रोटॉनाने केल्यास त्या जागी प्रबळ आम्ल तयार होते. पुण्यात पॉल रत्नसामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एन्सिलाइट नावाचे उत्प्रेरक सिद्ध केले. असोसिएटेड सिमेंट कंपनी व इंडियन पेट्रोकेमिकल्स यांच्या सहकार्याने झायलिनांच्या समघटकीकरणाची प्रक्रिया १९८५ मध्ये बडोद्यास कार्यान्वित झाली. पॅराझायलिनाचा रेणू सडपातळ असल्याने सुमारे ०.५५ नॅनोमीटर रुंदीच्या छिद्रांतून तो सहज निसटतो; ऑर्थो व मेटा हे जाडे भाऊ अडखळतात. चाळणीचे तत्त्व येथे प्रत्यक्ष कारखान्यात उतरले.

परंतु कारखाना चालू होणे आणि क्रिया समजणे या दोन भिन्न गोष्टी होत. छिद्रात नेमके काय घडते हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी वर्णपटविज्ञानाचा आश्रय घ्यावा लागतो. अवरक्त वर्णपटात झेडएसएम-५ मधील आम्लधर्मी हायड्रॉक्सिल गट ३,६१० प्रतिसेंटिमीटरच्या आसपास ओळखता येतो, तर साधा सिलॅनॉल गट ३,७४० च्या जवळ आढळतो. पिरिडीन अधिशोषित केल्यास प्रोटॉन देणाऱ्या जागा १,५४५ च्या सुमारास व इलेक्ट्रॉनयुग्म स्वीकारणाऱ्या जागा १,४५० च्या सुमारास पट्टा दाखवितात. १९८० च्या सुमारास लिपमा प्रभृतींनी घनावस्थेतील अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने एकेका सिलिकॉनच्या शेजारी किती ॲल्युमिनियम आहेत हे मोजण्याचा मार्ग दाखविला. पुण्यातही टायटॅनियमयुक्त सिलिकेटांवर हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रिया होताना उद्भवणाऱ्या सुपरऑक्सो घटकांचा माग रत्नसामी व डी. श्रीनिवास यांनी समचुंबकीय अनुस्पंदनाने काढला.

आता गणनेचा विचार करू. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात अध्यापन केलेले अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंची गती संगणकावर काढून दाखविली. रेणूंच्या सदृशीकरणाचा पाया ज्या कामांनी घातला त्यांत हे एक होय. झिओलाइटांच्या बाबतीत ही पद्धती १९८० नंतर रुजली, पुण्यात आर. वेत्रिवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी छिद्रांतील सेंद्रिय रेणूंचा मार्ग याच रीतीने तपासला. मात्र आरंभीच्या अनेक गणनांत सांगाडा निश्चल मानला जाई. वस्तुतः तो थरथरत असतो, आणि रेणू छिद्राएवढाच असता ही थरथर निर्णायक ठरते. शिवाय साध्या बलसूत्रांनी बंध तुटत वा जुळत नाहीत. त्यासाठी पुंजयामिकीच हवी.

कोणत्याही एका साधनाचे कथन अंतिम मानू नये, हे विसरणीय वेगाच्या इतिहासावरून विशेष स्पष्ट होते. १९७० नंतर लाइपझिगच्या शास्त्रज्ञांनी चुंबकीय अनुस्पंदनाने छिद्रांतील रेणूंची गती मोजली, तेव्हा ती वायुशोषणाच्या मापनाहून कित्येक पटींनी, काही ठिकाणी हजारो पटींनी, अधिक आली. दोहोंपैकी एक पद्धती चुकीची, असे मानण्याचा मोह तेव्हा सहज होण्यासारखा होता. पुढे असे दिसले की एक पद्धती स्फटिकाच्या आत मायक्रोमीटरभर अंतर पाहते, तर दुसरी संपूर्ण स्फटिक व त्याच्या पृष्ठभागावरील अडथळेही मोजते. दोघींचे प्रश्नच निराळे होते. सदृशीकरण तर याहूनही अल्प अंतर व काल पाहते. म्हणून त्याची संख्या कोणत्या मापनाशी ताडावयाची हे आधी ठरविणे अगत्याचे आहे.

आज संगणकाचे सुबक चित्र कोणत्याही निबंधात सहज येते, आणि वाचकास ते पुरावाच वाटते. ते पुरावा नव्हे. ते एक विधान आहे, ज्यास वर्णपटाने दुजोरा द्यावयाचा वा विरोध करावयाचा असतो. वर्णपटाचा पट्टाही कोणत्या रेणूचा, हे ठरविण्यास उलट गणनेचे साहाय्य लागते. माटुंगा व पुणे यांच्या परंपरेने आपल्याकडे उत्प्रेरक घडविण्याचे कौशल्य दिले आहे. पुढील पिढीने ही दोन साधने एकाच नमुन्यावर, एकाच प्रश्नासाठी वापरावीत, आणि त्यांच्यातील विसंगती झाकू नये. कारण नव्या ज्ञानाचा आरंभ बहुधा तेथेच होतो.